पाण्यातला बोल्ट, आगीतला बोल्ट

मला जळायला फार मोठं कारण लागत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भोळी समजायला नको. शेजारणीच्या मनीप्लँटला माझ्यापेक्षा दोन पानं जास्त आली तरी माझ्या पोटात दुखतं, आणि पंचावन्न ओलांडल्यावरही ते दुखणं गेलेलं नाही. पण आयुष्यात मी खरी जळले ती एकदाच, एकोणिसाव्या वर्षी, आणि तीही कशावरून, तर एका निळ्या बॉयलर सुटावरून. त्या दिवाळीला अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला गुलाबी ड्रेस मटेरियल आणलं आणि आमच्याकडं राहणाऱ्या आतेबहिणीला, वैजूला, दापोडीच्या शिंप्याकडून कारखान्यात घालतात तसा मापाचा बॉयलर सूट शिवून आणला. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, काय गं बाई, पोरीच्या जातीला हे काय शिवलं! मी मात्र ते गुलाबी कापड हातात घेऊन उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मला तो सूट हवा होता. पितळी बटणांचा, मांडीवर पान्याचा खिसा असलेला, तोच.

आमचं घर दापोडीत, रेल्वेच्या कडेनं जाणाऱ्या गल्लीत. दोन खोल्या आणि मधे पडदा. गाडी गेली की फडताळातले पेले एकमेकांना लागून किणकिणायचे आणि आई घड्याळाकडं न बघता म्हणायची, "आली बघ साडेसहाची, भाजी टाक." अप्पा लातूरकडचे. एका कंपनीत इंजिन जोडायच्या लाइनवर त्यांनी सोळा वर्षं काढली होती. ती लाइन बंद पडल्यावर त्यांनी भोसरीहून दिघीकडं जाताना एक पत्र्याची शेड घेतली आणि लोकांची बिघडलेली इंजिनं खोलून, दुरुस्त करून, पुन्हा जोडून द्यायला लागले. घरात गावाकडचंच जेवण असायचं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, येसराची आमटी, रविवारी मुरमुऱ्यांचा सुशीला. अप्पा कितीही साबण लावोत, त्यांच्या बोटांना डिझेलचा वास असायचाच. आई म्हणायची, "तुम्ही नुसता हात लावा, आमटीला वेगळी फोडणी नको." मला तो वास आवडायचा. मी कॉलेजात बी.कॉम. करत होते, पण दुपारी घरी न येता शेडवरच जायचे. दहा वर्षांची असल्यापासून जात होते. सुटे भाग डिझेलनं धुवायचे, पुसायचे, कागदावर ओळीनं मांडायचे, हे माझं काम. टॉर्क रेंचला मात्र हात लावायची मला मनाई होती. बोल्ट नेमक्या किती जोरानं आवळला हे काट्यावर दाखवणारा तो लांब दांड्याचा पाना अप्पा स्वतःच्या हातानं पुसून खिळ्याला अडकवायचे. मी मागितला की म्हणायचे, "राहू दे पोरी, हात राठ होतील. उद्या सासरी जायचंय."

इंजिनात बोल्ट नुसता पिळून भागत नाही. त्याच्या आट्यांना आधी काय लावायचं ते ठरवावं लागतं, आणि सगळी गोम तिथंच असते. अप्पांच्या फळीवर दोन डबे असायचे. एकात पांढरं सीलंट. ते आट्यांमधली फट बुजवतं, म्हणजे आतलं पाणी आट्यांच्या वाटेनं वर चढत नाही. दुसऱ्यात तांब्याची पूड घातलेलं ग्रीस, अँटीसीझ. ते उलट काम करतं. सायलेन्सरकडच्या तापणाऱ्या जागी बोल्ट भाजून जागच्या जागी अडकून बसू नये, चार वर्षांनी पाना लावला तरी मुकाट निघावा, म्हणून ते. अप्पा त्यांना पांढरं आणि तांबडं म्हणायचे. त्यांचा धडा असा: "बोल्टला आधी विचारायचं, बाबा तू पाण्यात चाललास का आगीत? पाण्यातल्याला पांढरं, आगीतल्याला तांबडं. आणि दोन्हीकडं जात नसंल तर थेंबभर ऑइल, बास." वर आणखी एक ताकीद असायची की तांबडं लागलं की बोल्ट घसरतो, काटा तेवढाच दिसतो पण ओढ जास्त बसते, म्हणून भलत्या जागी लावायचं नाही. परवा माझा भाचा सांगत होता की चाकणला त्याच्या कंपनीत आता बोल्ट येतानाच आट्यांवर रंगीत लेप घेऊन येतात, माणसानं काही ठरवायचं कामच नाही. मी म्हटलं, बरंय बाबा तुमचं.

वैजू ही माझ्या आत्याची मुलगी. आत्याचे यजमान अचानक गेले आणि वैजूला पुढं शिकायला अप्पांनी आमच्याकडं आणलं. आयटीआयला मोटर मेकॅनिकला नाव घातलं. वर्गात पोरी दोनच. एक कापडी पिशवी, एक पत्र्याची ट्रंक आणि तेल लावून घट्ट घातलेली वेणी, एवढं घेऊन ती आली. माझ्याहून वर्षानं लहान, मला अक्का म्हणायची. पहिले पंधरा दिवस मला तिची दया आली. दया करायला मला आवडतं, त्यात आपण वरच्या पायरीवर असतो. मग एक दिवस ती शेडवर आली, अडकलेला एक नट तिनं दोन झटक्यांत सोडवला आणि अप्पा म्हणाले, "अगं, हाताला काय जोर आहे पोरीच्या!" संपली माझी दया.

त्यानंतर मला तिचं सगळंच डोळ्यात खुपायला लागलं. ती चार भाकरी खायची आणि आई कौतुकानं पाचवी पुढं करायची. तिचे धपाटे आईच्या धपाट्यांपेक्षा खुसखुशीत व्हायचे आणि अप्पा दह्याशी खाताना डोळे मिटायचे. तिनं केस धुतले की अख्खी गल्ली म्हणायची, किती लांब गं! तिसऱ्या महिन्यात अप्पांनी टॉर्क रेंच खिळ्यावरून काढला आणि तिच्या हातात दिला. माझ्या देखत. "हळू, एकसारखा ओढ. झटका नको. हां, शाब्बास." नऊ वर्षं मी त्या खिळ्याकडं बघत आले होते, आणि ही बया तीन महिन्यांत! घरी येऊन मी आईजवळ रडले. आई कणीक मळत होती. म्हणाली, "तिला बाप नाही गं. तिला पोटापुरतं काहीतरी हातात पाहिजे. तुझं तसं आहे का?" माझं तसं नव्हतं, हेच तर माझं दुखणं होतं. अप्पा मला मुलगी म्हणून जपत होते आणि तिला कारागीर म्हणून घडवत होते. आज मला कळतं की ते दोन्ही प्रेमच होतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की माझं आहे ते तिला मिळालं.

शेडवर एक रीत होती. इंजिन ज्यानं जोडलं त्यानंच नारळ फोडायचा आणि पहिला सेल्फ मारायचा. इंजिन धडधडून सुरू झालं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवायचा. पुढच्या पावसाळ्याच्या आधी दिघीच्या शिंदेकाकांची शाळेची व्हॅन आली. शाळा उघडायला सहा दिवस राहिले होते. अप्पा म्हणाले, "हे इंजिन वैजू जोडंल. अख्खं. मी फक्त बघणार." हे जमलं की वैजू कायमची त्या बाकावर उभी राहणार आणि मी कायमची डिझेलच्या परातीपाशी, हे मला कुणी सांगायला नको होतं.

इंजिनाचा मुख्य सांगाडा, म्हणजे ब्लॉक, धुवायला माझ्याकडंच आला. धुतल्यावर बोल्टच्या भोकांत घाण राहू नये म्हणून मी एक प्लॅस्टिकची नळी घालून फुंकायचे. भोक तळाशी बंद असलं की आतलं डिझेल उलटं तोंडावर उडतं. आमच्याकडं येणाऱ्या नेहमीच्या इंजिनांची हेडची, म्हणजे वरच्या झाकणाच्या बोल्टची, भोकं सगळी बंद असायची, त्यामुळं माझं तोंड रोज माखायचं. या इंजिनाच्या दहापैकी चार भोकांत मात्र फुंकर आत निघून गेली आणि पाण्याच्या पंपाच्या तोंडातून बाहेर आली. म्हणजे ही चार भोकं पाण्यात उघडत होती. या बोल्टना पांढरं लागणार. मला ते चटकन कळलं आणि कळल्याचा आनंदही झाला. सांगायला म्हणून मी वळले, तर अप्पा वैजूच्या खांद्यावर हात ठेवून तिला काहीतरी दाखवत होते. मी नळी खाली ठेवली आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी अप्पांना क्रँक शाफ्ट आणायला तळेगावला जावं लागलं तेव्हा या इंजिनाचं काम थांबलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी हेड बसवायच्या वेळीच कुणीतरी ओळखीचं गिऱ्हाईक त्यांना रस्त्यात बंद पडलेली गाडी बघायला घेऊन गेलं. जाताना म्हणाले, "वैजू, हेड आवळून ठेव. शिकवलंय तसं." शेडमधे आम्ही दोघीच. तिनं बोल्ट मांडले, हात पुसले, आणि फळीपाशी जाऊन थांबली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अक्का, हे इंजिन वेगळंच दिसायलंय. नुसतं ऑइल लावू का दुसरं काही? हेड तर तापतंय. मग तांबडं लावावं का?"

किती सरळ विचारलं होतं तिनं. आणि मी किती सरळ सांगू शकले असते. मी हातातला कपडा पिळत राहिले. "मला काय विचारतेस?" मी म्हणाले. "मी काय मेकॅनिक आहे? तुला शिकवलंय ना अप्पांनी? लाव तुझ्या मनानं." ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. "मग तांबडंच लावते," म्हणाली. मी मान डोलावली नाही आणि हलवलीही नाही. या न हलवलेल्या मानेच्या आधारावर मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले की मी काही खोटं बोलले नाही.

नारळ फुटला. वैजूनं निळ्या सुटात सेल्फ मारला आणि इंजिन एका दमात सुरू झालं. टाळ्या झाल्या, चहा आला, शिंदेकाका तिच्या पाया पडायचेच बाकी होते. अप्पांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा तिला भरवला. मीही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर रोज शेडवर जाताना माझी नजर रस्त्याकडं असायची. व्हॅन येऊ नये असं वाटायचं आणि यावी असंही वाटायचं. कुठलं जास्त, ते मी इथं लिहीत नाही. ज्यानं समजायचं त्यानं समजावं.

आठवड्यानं व्हॅन दोरी बांधून ओढत आणली. कासारवाडीच्या पुढं हमरस्त्यावर पुढून वाफेचा लोट निघाला होता. शिंदेकाका आल्या आल्या म्हणाले, "अप्पा, अकरा पोरं खाली उतरवली मी. बाजूनं ट्रक चाललेत आणि पोरं हात धरून उभी. काही झालं असतं तर मी कुणाच्या आईबापाला तोंड दाखवलं असतं?" मला हे सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी फक्त वैजू, अप्पा आणि तो पाना एवढंच डोक्यात घेऊन बसले होते. त्या व्हॅनमधे मुलं बसतात हे मला माहीत होतं, पण ती माझ्या हिशेबात कुठं नव्हतीच.

अप्पांनी ऑइलची पट्टी ओढून बघितली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे त्यात पाणी मिसळलं होतं. न बोलता त्यांनी हेड खोललं. चार बोल्टच्या आट्यांवरून पाणी वर चढलं होतं आणि तांबडं ग्रीस ओल्या मातीसारखं लदबदलं होतं. एक बोल्ट तर ताणून लांबला होता. "हे कुणी लावायला सांगितलं?" अप्पांनी विचारलं. वैजूचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. ती म्हणाली, "कुणी नाही मामा. माझ्याच मनानं लावलं."

"विचारायचं नाही कुणाला?"

"चुकलं मामा."

अप्पा ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पोरं होती त्यात." आणि मग थोडं थांबून, "तू काही दिवस गावी आईकडं जा. दिवाळीनंतर बघू." वैजू मुकाट्यानं हात धुऊन घरी निघून गेली. मग अप्पा खिळ्यापाशी गेले, टॉर्क रेंच काढला आणि माझ्यापुढं धरला. "ये सुरेखा. शिंदेंना उद्या गाडी पाहिजे. मी दाखवतो, तू जोड."

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या अंगातून आनंदाची लाट गेली. तो दांडा गार होता आणि वाटला होता त्यापेक्षा जड होता. मी ब्लॉक पुन्हा धुतला. अप्पा स्टुलावर बसून बघत होते, आणि मला वाटलं, आता दाखवूच यांना. नऊ वर्षं यांनी काय गमावलं ते कळू दे. मी मुद्दाम त्यांच्या समोर नळी घातली, एकेका भोकात फुंकले, आणि त्यांनी एक शब्द बोलायच्या आत बोल्टचे दोन भाग केले. सहा ऑइलच्या वाटीजवळ, चार पांढऱ्या डब्याजवळ. सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डचे स्टड वेगळे काढून तांबड्या डब्यापाशी ठेवले. अप्पा उठून जवळ आले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. धुताना कळतं," मी म्हणाले. "ज्यात फुंकर निघून जाते ते पाण्याचं."

त्यांचा चेहरा कसा उजळला! मी लहानपणापासून ज्याची वाट बघत होते तो हाच चेहरा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, आमच्या लाइनवर इंजिनियर ड्रॉइंग बघून सांगायचे हे, आणि तू फुंकून..." आणि बोलता बोलता ते थांबले. हात डोक्यावरच होता, पण त्यातलं वजन बदललं. "गेल्या वेळेला पण ब्लॉक तूच धुतला होतास," ते म्हणाले.

मी आधीच सरळ मांडलेले बोल्ट पुन्हा सरळ करायला लागले.

"वैजूनं तुला विचारलं होतं का?"

माझी नजर बोल्टांवरून हलली नाही. त्यांनी हात काढून घेतला. पुढचं ते इतक्या हळू बोलले की बाहेरून ट्रक गेला असता तर मला ऐकूच आलं नसतं. "तिला ठाऊक नव्हतं म्हणून ती चुकली. ते शिकवता येतंय. तुला तर सगळं येतंय. तुला मी काय शिकवू?" टॉर्क रेंच त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतला नाही. फक्त हात पुढं केला आणि मी तो त्यांना दिला. राहिलेलं इंजिन त्यांनी एकट्यानं जोडलं. मी शेजारी उभी राहून पुसायचे कपडे देत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

घरी गेल्यावर वैजू ट्रंक भरत होती. अप्पा म्हणाले, "काढ ते कपडे बाहेर. कुठं जायचं नाही. उद्या शेडवर ये." मग मला बाजूला घेऊन अप्पा म्हणाले, "तिला तू सांगायचंस. मी सांगणार नाही." मी हो म्हणाले. आणि सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, अप्पा गेले तेव्हाही नाही. वैजू शिकली, चाकणला एका मोठ्या कंपनीत लागली, लाइनवर गेली, पुढं नव्या पोरापोरींना इंजिन जोडायला शिकवायला लागली. मी एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग केलं, हजेरीपुस्तकं लिहिली, संसार केला. तिचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखायचंच, पण आता त्यात आणखी एक भर पडली होती. तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. म्हणजे मन मोठं होतं तिचं. जोर तिचा, केस तिचे, धपाटे तिचे, आणि वर मोठं मनही तिचंच! या एका गोष्टीवर मी बाकी सगळ्यापेक्षा जास्त जळले.

गेल्या महिन्यात तिच्याकडं तळेगावला गेले होते. ती आता रिटायर व्हायला आलीय, गुडघे दुखतात, केस पांढरे आणि अजूनही लांबच. तिनं मला गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. काय झालं कुणास ठाऊक, दुसरा घास खाली ठेवून मी सगळं सांगून टाकलं. फुंकर, चार भोकं, पिळलेला कपडा, सगळं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं वळूनही बघितलं नाही.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं. तुला माहीत नसतं तर तू म्हणाली असतीस, मला माहीत नाही. तू म्हणालीस, मला काय विचारतेस."

"मग अप्पांना का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. "इतकी वर्षं मला वाटलं, तू मला माफ केलंस."

आता ती वळली. "अक्का, तुझ्या घरात खायले होते मी. तुझ्या शेजारी अंथरूण होतं माझं. तुझं नाव सांगून मग कुठं झोपणार होते?"

तिनं भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला. "आता तरी बोल गं," मी म्हणाले. "दोन शिव्या दे मला. मला बरं वाटेल."

"आता कशा देऊ?" ती म्हणाली. "आता तू माझ्या घरी जेवायलीस."